सीट कुठल्या दारातनं घेतली त्यावर फी ठरते: ऑडिओलॉजीला गेलेल्या एका मुलीची केस

ही केस २०२४ च्या उन्हाळ्यातली. मुलगी इचलकरंजीची, कोल्हापुरात बोर्डिंगला राहून बारावी सायन्स केलेली, मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा दिलेली. वडील दुसऱ्याच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारे, आई घरात शिवणकाम करते, आजोबांचं सगळं आयुष्य धोट्याच्या मागावर गेलं. जात ओबीसीत, उत्पन्न तहसीलदाराच्या दाखल्यावर बेताचंच. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव कुणाचंच देत नाही. मी कोल्हापुरात ऑडिओलॉजिस्ट म्हणून, म्हणजे लोकांचं ऐकणं तपासायचं काम करते, आणि बारावीच्या निकालानंतर दरवर्षी पालक येऊन विचारतात की ह्या लाइनला स्कॉलरशिप कुठली मिळते. त्यांना सगळ्यांना मी हीच केस सांगते, कारण स्कॉलरशिप मिळणार की नाही हे ॲडमिशन घेतानाच ठरून गेलेलं असतं आणि लोक ती ॲडमिशन झाल्यावर शोधायला लागतात.

ती माझ्याकडं आली ती आजोबांचे कान दाखवायला. वय सत्तरच्या पुढं, टीव्हीचा आवाज फुल्ल, कुणी बोललं की "आं?" नायतर उगाच हसून मान हलवायची. मागवाल्यांच्यात हे इतकं कॉमन आहे की घरचे त्याला आजार धरतच नाहीत, "खात्यात असतंय तसंच" म्हणून सोडून देतात. बूथमध्ये बसवून ऑडिओमेट्री केली, म्हणजे हेडफोन लावून बारीक बारीक आवाज द्यायचे आणि ऐकू आला की बटण दाबायचं. ग्राफ निघाला तो आवाजानं गेलेल्या कानाचा निघतो तसाच, दोन्ही कान जवळपास सारखे, खालचे जाड आवाज बरे, ४००० हर्ट्झजवळ मोठा खड्डा आणि वयामुळं त्याच्या पुढचंही उतरलेलं. अशा माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, कारण स, श, फ, थ असली व्यंजनं वरच्या पट्टीतली असतात. साखर म्हटलं काय आणि भाकर म्हटलं काय, त्याला सारखंच.

मुलगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. तिनं विचारलं, "मॅडम, ह्यो खड्डा बरोबर तिथंच का पडतोय?" मी इतकी वर्षं पेशंटच्या नातेवाईकांना ग्राफ समजावते, किती पैसे लागतील हे सगळे विचारतात, खड्डा तिथंच का हे फार कमी जण विचारतात. मग मी तिला सांगितलं की कानाची नळी स्वतःच तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते, त्यामुळं आतल्या शंखातल्या त्या भागातल्या केसपेशींवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींवर, मार जास्त बसतो, आणि ह्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. आणि खात्याचं गणितही सांगितलं. कारखान्यांच्या नियमात ९० डेसिबलला ८ तासांची मर्यादा आहे, ९५ ला ४ तास, १०० ला फक्त २. धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाज ९० च्या वर जातो आणि पाळी असते १२ तासांची. आवाजानं आलेला बहिरेपणा तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करायच्या आजारांत होता, पण खात्यात राबणाऱ्या कुणाला हे माहीतच नसतं. ती गप्प ऐकत होती, आणि मग म्हणाली, "हे शिकायला काय करायला लागतंय? मी करतो की."

तिच्यापुढं तेव्हा काय काय होतं ते सांगते. नीटचा निकाल ४ जूनला लागला होता, एमबीबीएसच्या जवळपास पण स्कोअर नव्हता. बोर्डिंगमधल्या मैत्रिणी एक वर्ष ड्रॉप घे म्हणत होत्या. वडिलांना वाटत होतं नर्सिंगला घालावं. आणि त्यातच नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की कानाच्या मशीनचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, लगेच नोकरी लागते, चार वर्षं कशाला घालवायची.

हा डिप्लोम्याचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण इथं भरपूर जण फसतात. डीएचएलएस नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा खरंच आहे, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा म्हणजे आरसीआयचा मान्यताप्राप्त आहे, बारावीनंतर करता येतो. तो करणारी मुलं ऑडिओलॉजिस्टच्या हाताखाली सहाय्यक म्हणून काम करतात, आणि चांगली करतात, त्यांच्याशिवाय बऱ्याच सेंटरचं काम अडेल. पण स्वतंत्रपणे निदान करून रिपोर्टवर सही करायची तर बीएएसएलपी लागतं, म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर आरसीआयच्या केंद्रीय रजिस्टरला नाव नोंदवायचं आणि नंबर मिळाला की प्रॅक्टिस. विना नोंदणी प्रॅक्टिस केली तर १९९२ च्या आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. दंड फक्त हजार रुपयांपर्यंत, त्यामुळं कुणी घाबरत नाही आणि गल्लोगल्ली नुसतं दुकान टाकून मशीन विकणारे बसलेत. मला ह्याचा मनापासून राग येतो, कारण चुकीचं सेटिंग केलेलं मशीन म्हातारा माणूस दोन दिवस घालतो आणि मग ते कायमचं कपाटात जातं.

कोर्सच्या नावात दोन विषय आहेत हेही तिला आधीच सांगितलं. ऑडिओलॉजी म्हणजे ऐकणं आणि तोल, स्पीच म्हणजे बोलणं, भाषा, तोतरेपणा, लकव्यानंतर गेलेली वाचा, गिळायचा त्रास. डिग्रीला दोन्ही शिकायला लागतं, वेगळं व्हायचं ते एमएस्सीला. ज्यांना नुसती मशिनं आवडतात आणि बाळाबरोबर जमिनीवर बसून तासभर खेळायला नको वाटतं त्यांनी ह्या कोर्सला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून ॲडमिशनचं काहीही बोलायच्या आधी मी तिला म्हटलं, चार दिवस येऊन बस माझ्याकडं आणि बघ. तिनं एका तान्ह्या बाळाची बेरा बघितली, म्हणजे बाळ झोपलं की डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदूकडं जाणारी नस कसा प्रतिसाद देते ते तपासायचं, आणि त्यासाठी बाळ झोपायची वाट बघत बसायचं. कधी कधी दोन-दोन तास जातात. ती त्या आईशेजारी बसून राहिली. जगभर ह्या कामात १-३-६ पाळतात, एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपल्याकडं मात्र पोरगं अडीच-तीन वर्षांचं झालं तरी "बोलंल की, त्याचा बापही उशिराच बोलला" असं म्हणत बसतात आणि तेवढ्यात भाषा शिकायचा मोलाचा काळ निघून जातो.

तिचं मन ठरलं. आता पैशाचं.

२०२४ ला नीटचा गोंधळ सगळ्यांना आठवत असेल, पेपरफुटी, ग्रेस मार्क, सुप्रीम कोर्ट, शेवटी सुधारित निकाल आला तो २६ जुलैला. त्यामुळं राज्याची प्रवेश प्रक्रिया लांबली. महाराष्ट्रात बीएएसएलपीची ॲडमिशन फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपीबरोबर नीटच्या स्कोअरवर सीईटी सेलच्या कॅप राउंडमधनं, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांमधनं होते, आणि ह्या कोर्सचे राउंड एमबीबीएसनंतर येतात, म्हणजे वाट बघायची अजून. ह्याच मोकळ्या काळात एजंट फिरतात. कोल्हापुरातल्याच एकानं वडिलांना गाठलं, एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंटची सीट आहे, आत्ता टोकन भरा, नंतर सीट राहणार नाही, आणि "स्कॉलरशिपचं आपण नंतर बघू, फॉर्म आमचा माणूस भरतो." फी वर्षाला लाखाच्या वर. वडील भरायला तयार होते, आईचं सोनं मोडायचं ठरत होतं. त्यांची बाजू मला कळते, बापाला वाटतं पोरीचं वर्ष वाया जाईल, आणि पुढचा माणूस नंतर बघू म्हणतोय म्हटल्यावर विश्वास बसतो.

मी वडिलांना बोलवून घेतलं आणि म्हटलं, दादा, टोकन भरू नका, आधी हे ऐका. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा जीआर निघाला होता की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात आधी ५० टक्के सवलत होती ती आता १०० टक्के, २०२४-२५ पासून. मेडिकल एज्युकेशनचे कोर्स पण त्यात आहेत. पण अट अशी की सीट शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतनं म्हणजे कॅपमधनं मिळालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातनं, संस्था पातळीवर घेतली तर एक रुपया नाही. अभिमत विद्यापीठं पण ह्यातनं वगळलेली. म्हणजे तीच मुलगी, तेच मार्क, तोच दाखला, तोच कोर्स, आणि एका सीटवर ट्यूशन फी शून्य, दुसऱ्या सीटवर सगळी भरा आणि पुढच्या प्रत्येक वर्षी परत भरा. मॅनेजमेंटच्या सीटवर बसल्यावर "नंतर बघू" मध्ये बघायला काही उरतच नाही.

वडिलांनी विचारलं, "आणि कॅपमध्ये नंबर नाही लागला तर?" हा प्रश्न खरा होता आणि त्याला मी गोड उत्तर दिलं नाही. नाही लागला तर वर्ष जाईल किंवा नर्सिंग बघायला लागेल. माझं म्हणणं इतकंच होतं की ह्या कोर्सला एमबीबीएससारखी झुंबड नसते, कारण लोकांना हा कोर्सच माहीत नाही, तेव्हा तिच्या स्कोअरला थांबण्यात अर्थ आहे. कर्ज काढूनही मॅनेजमेंटला घालता आलं असतं, क्रेडिट गॅरंटीच्या स्कीममध्ये साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. पण फुकट होऊ शकणारं शिक्षण कर्ज काढून करायचं आणि सुरुवातीच्या पगारातनं हप्ते भरायचे, हे मला पटत नव्हतं. ह्या लाइनचा पहिला पगार मोठा नसतो, हे मी कुणापासून लपवत नाही.

दोन-तीन दिवस घरात वाद झाला. शेवटी आजोबा म्हणाले, "पोरीला इचारा." पोरगी म्हणाली थांबायचं.

थांबायचं ठरल्यावर खरं काम सुरू झालं, कागदपत्रांचं. जातीचा दाखला होता, पण जात पडताळणी नव्हती, आणि पडताळणीशिवाय कॅपमध्ये ओबीसीचा लाभ धोक्यात येतो. अकरावीतच अर्ज करून टाकायला पाहिजे हे सायन्सला पोरं घातलेल्या सगळ्या पालकांनी लक्षात ठेवा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा महसुली किंवा शाळेचा पुरावा मागतात. वडिलांच्या दाखल्याचा उपयोग नव्हता, ते जन्मले नंतर. आजोबा मात्र १९६० च्या सुमाराला पहिलीला गेलेले, चौथीत शाळा सोडून कांड्या भरायला लागलेले. मुलगी स्वतः त्यांच्या जुन्या शाळेत गेली, जनरल रजिस्टरचा उतारा काढला, त्यात जात स्पष्ट लिहिलेली होती. तेवढ्या एका कागदावर जात पडताळणी समितीचं काम झालं. माणूस फक्त चौथीपर्यंत शिकला पण त्याचं रजिस्टरमधलं नाव साठ वर्षांनी नातीला मुंबईपर्यंत घेऊन गेलं.

बाकीचे कागद मग सोपे होते. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेयर ज्याची मुदत ३१ मार्चला संपते म्हणून तारीख बघूनच काढायचा, डोमिसाइल, रेशनकार्ड, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. हे शेवटचं लोक हलक्यात घेतात. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलचे, पैसे आधार सीडिंग झालेल्या खात्यातच येतात, नुसतं केवायसी केलं म्हणजे सीडिंग झालं असं नसतं, बँकेत जाऊन विचारून घ्यायचं.

दुसऱ्या राउंडला मुंबईतल्या कॉलेजात तिचा नंबर लागला. ट्यूशन फी माफ, परीक्षा फी माफ. पण इथं अजून एक गोष्ट घरच्यांना समजावून सांगायला लागली, की १०० टक्के म्हणजे सगळा खर्च नव्हे. डिपॉझिट, इतर शुल्क, पुस्तकं, आणि मुंबईत राहायचं-खायचं, हे सगळं आपलंच. आईचं सोनं मोडलं नाही पण थोडं गहाण ठेवलं. राहण्यासाठी ओबीसीच्या मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, पण जिल्ह्यामागं ६०० च मुलं घेतात. पहिल्या वर्षी तिचं नाव आलं नाही, तिनं दुसऱ्या वर्षी परत अर्ज केला तेव्हा आलं. परत अर्ज करायचाच असतो, पहिल्या नकाराला सोडून द्यायचं नसतं, हे मी तिला मेसेज करकरून सांगत होते.

आणि महाडीबीटीचा फॉर्म भरला की झालं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथल्या क्लार्कनं पुढं ढकलला तर विभागाकडं जातो. पहिल्या वर्षी तिचा फॉर्म कॉलेज लेव्हलला कित्येक आठवडे तसाच पडला होता, कुणी काही कळवलं नाही, तीच दर आठवड्याला स्टेटस बघून ऑफिसला जाऊन उभी राहायची. दरवर्षी रिन्यू करायला लागतं, पास झाल्याचा निकाल आणि हजेरी लागते.

त्याच वर्षी माझ्याकडं आलेल्या बाकीच्यांना हाच रस्ता जसाच्या तसा लागू पडला नाही. खुल्या गटातल्या एका मुलाला मुलींची सवलत नाही, त्याच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आठ लाखांची मर्यादा, निम्मी ट्यूशन फी, आणि तिथंही कॅपचीच अट. ह्या योजनेला महाराजांचं नाव आहे ते उगाच नाही, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासनं त्यांनी कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली ती ह्याच हिशोबानं, की खेड्यातल्या पोराला नुसती शाळा देऊन भागत नाही, राहायला आणि खायला पण लागतं. एससीच्या मुलांना पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तर फ्रीशिप म्हणजे फीमाफी. ज्या मुलांना स्वतःला ऐकण्याचं किंवा दुसरं अपंगत्व ४० टक्के किंवा वर आहे त्यांना दिव्यांगांच्या स्कॉलरशिप आहेत, त्यासाठी यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र आधी काढा. कानाचं मशीन घालणारं पोर ऑडिओलॉजिस्ट होऊ शकतं का असं एका आईनं विचारलं. हो, होऊ शकतं, आणि मशीन घालून वर्गात बसलेल्या पोराचं दुःख त्याला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगचं नाव पण लिहून ठेवा, १९६५ पासूनची केंद्र सरकारची संस्था, विद्यार्थ्यांना स्टायपेंड असतो, आणि आपल्याला मिरजेवरनं शरावती एक्सप्रेस थेट म्हैसूरला जाते. आपल्याकडची पोरं तिकडं फार कमी जातात ह्याचं मला वाईट वाटतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ ची, आणि नायर हॉस्पिटलचं कॉलेज तर देशात ह्या कोर्सच्या सगळ्यात जुन्या ठिकाणांपैकी आहे.

नोकरीचं वडिलांनी मला सरळ विचारलं, चार वर्षांनी काय? मी जे आहे ते सांगितलं. हॉस्पिटलचे ईएनटी विभाग, मूकबधिर शाळा, मशीन कंपन्यांची सेंटर, कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशननं कानात बसवलेल्या यंत्राचं सेटिंग (मॅपिंग) आणि थेरपी, जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरमधली (लहान मुलांतले दोष लवकर हेरून उपचार करणाऱ्या केंद्रातली) पदं जी बहुतेक कंत्राटी असतात, आणि अनुभव झाल्यावर स्वतःचं क्लिनिक. देशात ऐकण्याचा ठळक दोष असलेली माणसं ६ कोटी ३० लाखांच्या आसपास आहेत असा अंदाज सरकारच्या बधिरता नियंत्रण कार्यक्रमात दिलेला आहे, म्हणजे काम संपायचं नाही. पण काम आहे म्हणजे तुमच्या गावात चांगल्या पगाराची जागा आहे असं होत नाही. पहिली दोन-तीन वर्षं मोठ्या शहरात काढायला लागतील असं समजूनच या लाइनला या.

आत्ता ती दुसऱ्या वर्षाला आहे. क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालंय, लहान मुलांच्या ओपीडीत रमलीय, मराठीतनं आयांना समजावून सांगायला तिलाच पुढं करतात म्हणे. सुट्टीला आली की माझ्याकडं एखादा दिवस बसते. एमएस्सी ऑडिओलॉजीत करून इचलकरंजीत कामगारांच्या कानांचं काम करायचं असं ती म्हणते, वडिलांचं म्हणणं आधी इंटर्नशिप संपू दे, मग नोकरी बघ. त्यांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि माझं मत तिच्या बाजूनं आहे हे मी दोघांनाही सांगितलंय. ह्या वर्षीचा नॉन क्रीमीलेयर आणि महाडीबीटीचं रिन्युअल अजून व्हायचंय, त्यासाठी वडील सोमवारी तहसीलला जाणार आहेत.